नव्या विद्यार्थ्यांना संगणकावर ग्रंथालय कसे शिकवावे?

कोयनाकाठ

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका कला व वाणिज्य महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. प्रथम वर्षाचे प्रवेश आटोपत आले की १२ ऑगस्टला, म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त पाळल्या जाणाऱ्या ग्रंथपाल दिनी, आमच्याकडे 'ग्रंथालय परिचय' होतो. सभागृहात तीनेकशे मुले बसतात, मी पडद्यावर ओपॅकची, म्हणजे आमच्या पुस्तकांच्या संगणकावरील तालिकेची, चित्रे दाखवतो, एन-लिस्ट ही महाविद्यालयांसाठीची ई-पुस्तकांची व ई-नियतकालिकांची सेवा काय आहे ते सांगतो, छायाचित्रे काढली जातात आणि ती महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये जातात. दुसऱ्या दिवशी तीच मुले देवघेवीच्या खिडकीशी येऊन "सर, अर्थशास्त्राचं पुस्तक द्या" म्हणतात. कोणते, असे विचारले तर उत्तर मिळते, "पहिल्या सेमिस्टरचं".

दोन वर्षांपूर्वी सभागृह सोडून दिले. संगणक प्रयोगशाळा मागून घेतली आणि वीस-वीस जणांच्या तुकड्या करून प्रत्येकीला दीड तास दिला. पहिल्या वर्षी मी केलेली चूक इथे स्पष्टपणे लिहितो, कारण ती अनेकांकडून होत असावी. मी मुलांना ओपॅकचे पान शिकवले. ही शीर्षकाची चौकट, ही लेखकाची, इथे टिचकी मारली की प्रत उपलब्ध आहे का ते दिसते, असे सारे. शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी घेतली आणि जवळपास सर्वांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. मी खूश होतो. आठवडाभराने एक मुलगा मांडण्यांमधून घामाघूम होऊन फिरताना दिसला. त्याच्या तळहातावर पेनाने पाच आकडी संख्या लिहिलेली होती. तो दाखल क्रमांक होता. पडद्यावर सगळ्यांत ठळक तोच दिसत होता, म्हणून त्याने तो उतरवून घेतला आणि त्या क्रमाने पुस्तके लावलेली असतील असे धरून तो अर्धा तास शोधत राहिला. दाखल क्रमांक हा आमच्या हिशेबासाठी असतो आणि मांडणीवरची जागा बोधांकाने, म्हणजे विषयानुसार दिलेल्या क्रमांकाने, कळते, हे वाक्य मी त्या दीड तासात उच्चारलेच नव्हते, कारण मला ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते.

मागच्या वर्षी उलट दिशेने गेलो. संगणक सुरू करण्याआधीच एक प्रश्न दिला: १९७२ च्या दुष्काळाचा आणि रोजगार हमी योजनेचा काय संबंध आहे? मुलांनी अख्खा प्रश्न ओपॅकच्या चौकटीत टाइप केला आणि 'एकही नोंद सापडली नाही' असे उत्तर आले. गूगलने लावलेली सवय ती. गूगल पूर्ण वाक्य पोटात घेते, पण आमची तालिका शब्दाला शब्द जुळवून पाहते. मग फळ्यावर शब्द लिहायला सांगितले. दुष्काळ, अवर्षण, पाणीटंचाई, रोजगार हमी असे सुचत गेले. एका मुलीने 'सुकडी' (दुष्काळात वाटला जाणारा कोरडा खाऊ) हा शब्द दिला, तो तिने आजीकडून ऐकला होता. योजनेच्या उभारणीत विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा मोठा वाटा होता, हे मी सांगितल्यावर त्यांचे नाव यादीत आले. कायदा १९७७ चा आहे हे कळल्यावर ते वर्ष आले. त्यानंतर इंग्रजी शब्द. हा फळ्यावरचा अर्धा तास संपूर्ण तासिकेतला सर्वांत मोलाचा होता आणि त्यात संगणकाला कोणी हात लावलेला नव्हता, हे नमूद करतो.

पुढे प्रत्येकाने एक पुस्तक निवडून मांडणीपर्यंत जायचे होते. तिथे दशांश चिन्हाने घात केला. भारताची आर्थिक स्थिती ड्युई दशांश वर्गीकरण पद्धतीत ३३०.९५४ वर येते आणि आफ्रिकेची ३३०.९६ वर. मुलांच्या हिशेबाने नऊशे चोपन्न ही शहाण्णवपेक्षा मोठी संख्या असल्यामुळे ती भारत शोधायला आफ्रिकेच्या पुढे निघून गेली. वाणिज्य शाखेची मुले होती, हे विशेष.

यंदाच्या तुकड्या सुरू होण्याआधी येथील जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मराठी शब्दाने शोधले असता पुस्तक मांडणीवर असूनही ओपॅकमध्ये सापडत नाही, याचे काय करावे? प्रयोगशाळेऐवजी मुलांच्या फोनवरच शिकवले तर चालेल का? आणि विषयशिक्षकांना यात कसे ओढावे?

दाखलखाते

आपल्या पहिल्या प्रश्नात मी दहा वर्षे अडकलेली आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

'शेतकऱ्यांचे' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्या' संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) 'ऱ'ला स्वतंत्र कळ आहे, ती वापरून पुढे हलन्त आणि 'य' दिला की 'ऱ्य' उमटतो. काही कळफलक मात्र साधा 'र', हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि नंतर 'य' अशी जुळणी करतात. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ती दोन वेगळ्या अक्षरमालिका आहेत. नोंद करणाऱ्याने एक वापरली आणि शोधणाऱ्याने दुसरी वापरली की पुस्तक ग्रंथालयात असूनही नसल्यासारखे होते. आपली आज्ञावली (सॉफ्टवेअर) या दोन रूपांना एक मानते की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. तालिकेतील एखाद्या नोंदीतून असा शब्द जसाच्या तसा उचलून शोधा, मग तोच शब्द स्वतः टाइप करून शोधा आणि निकालांची संख्या ताडून पाहा.

तात्पुरता उपाय असा, की शब्द त्या जोडाक्षराच्या आधीच तोडावा आणि पुढे तारका (*) द्यावी. 'शेतक' लिहून तारका दिली की 'शेतकरी', 'शेतकऱ्यांचे' आणि त्याची दोन्ही लेखनरूपे एकत्र मिळतात. कोहा या ग्रंथालयांसाठीच्या आज्ञावलीत हे चालते, आपली आज्ञावली कोणती आहे त्यावर चिन्ह बदलू शकेल. मुलांना ही युक्ती फार आवडते आणि ती शिकवताना सामान्यरूपाचा मुद्दाही आपोआप निघतो. 'दुष्काळ' असे शोधल्यावर 'दुष्काळातील' का सापडत नाही, हे त्यांना व्याकरणाच्या तासापेक्षा इथे लवकर पटते.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. तालिकेत शीर्षक मुखपृष्ठामागील शीर्षकपानावर छापले असेल तसे घ्यायचे, असा आमचा नियम. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नाहीं', 'हिन्दी' अशी रूपे सर्रास आहेत. आजचा विद्यार्थी 'काही' टाइप करतो. चूक ना त्याची, ना नोंद करणाऱ्याची.

तिसरी गोष्ट नावांची, आणि इथे मात्र दोष आपल्या व्यवसायाचा आहे. महात्मा फुले यांचे नाव जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव आणि जोतिबा अशा चार तऱ्हांनी छापलेले आढळते. कार्डतालिकेच्या काळात यासाठी 'पाहा' नोंदी असत. 'ज्योतिराव'चे कार्ड काढले की त्यावर 'जोतीराव पाहा' असे लिहिलेले असे. आमच्याकडे संगणकीकरण झाले तेव्हा काम बाहेर दिले होते आणि मोबदला नोंदीमागे ठरला होता. त्यांनी मुख्य कार्डे भरली, 'पाहा' कार्डे पुस्तक नसल्यामुळे बाजूला ठेवली आणि ती खोकी पुढे रद्दीत गेली. शिवाय निम्म्या मराठी पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत भरली गेली, त्यातही 'रोजगार' कुठे एका 'ए'ने तर कुठे दोन 'ए'ने. अशा तालिकेवर मुलांना शोधकौशल्य शिकवणे म्हणजे भोके पडलेल्या घागरीने पाणी भरायला शिकवणे आहे. माझे स्पष्ट मत असे, की प्रशिक्षणाच्या आधी निदान नेमलेल्या विषयांपुरत्या नोंदी दुरुस्त करून घ्याव्यात.

तिसऱ्या रांगेत

मी ग्रंथालय क्षेत्रातला नाही, चार वर्षांपूर्वी विद्यार्थी होतो. वर 'पहिल्या सेमिस्टरचं पुस्तक' वाचून हसू आले, पण त्याचे कारण सांगावेसे वाटते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मांडण्यांना जाळी होती. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचे आणि आतले काका जे देतील ते घ्यायचे. बारावीपर्यंत पाठ्यपुस्तक आणि गाईड यांपलीकडे एखाद्या विषयावर चार पुस्तके असू शकतात आणि त्यांत मतभेद असू शकतात, हे कोणी सांगितलेच नव्हते. पुस्तक कसे शोधावे यापेक्षा ते का शोधावे हा प्रश्न आधीचा होता.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर आम्हाला मराठी टाइप करता येत नव्हते. फोनवर मात्र प्रत्येक जण मराठीत लिहीत असतो, कोणी रोमन अक्षरांतून, कोणी बोलून. त्यामुळे मोठ्या पडद्यासमोर बसलो की आम्ही नाइलाजाने इंग्रजी शब्द टाकत असू आणि मराठी पुस्तके नाहीत असे समजून उठत असू.

दाखलखाते

@तिसऱ्या रांगेत: हा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता. म्हणजे संगणकावर मुले मराठीत शोधत नाहीत याचे कारण आम्ही उगाचच इंग्रजीच्या ओढीत शोधत होतो.

पारावरचा प्राध्यापक

अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. ग्रंथपालांच्या तासाला शिक्षक येत नाहीत ही तक्रार रास्त आहे, परंतु ग्रंथपालांनी केवळ 'सहकार्य करावे' असे पत्र पाठवल्याने ते येणारही नाहीत. आमच्याकडे घडले ते असे. अंतर्गत मूल्यमापनासाठी मी दरवर्षी निबंधवजा प्रकल्प देत असे आणि दरवर्षी तेच चार प्रकल्प वेगवेगळ्या हस्ताक्षरांत परत येत. ग्रंथपाल मॅडमनी सुचवले, की निबंध मागूच नका, शोधाची नोंद मागा. कोणता शब्द टाकला, किती नोंदी आल्या, त्यांतील कोणत्या सोडल्या आणि का, पुढचा शब्द कुठून सुचला, शेवटी हातात आलेल्या पुस्तकातील कोणते पान उपयोगी पडले, एवढेच दोन पानांत लिहायचे. दहा गुण. अशी नोंद दुसऱ्याची उतरवून काढणे कठीण जाते आणि तपासायलाही ती वेळ खात नाही. 'का सोडले' या रकान्यात मुले जे लिहितात, त्यातून मला त्यांची विषयाची समज प्रश्नपत्रिकेपेक्षा अधिक कळते. एकाने लिहिले होते, "पुस्तक २०१५ चे आहे पण आतले आकडे १९९१ च्या जनगणनेचे आहेत, म्हणून सोडले". त्याला मी दहापैकी दहा दिले.

दुसरा अनुभव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटचा. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने संदर्भयादी जोडली. पाच मराठी पुस्तके, लेखक, प्रकाशक, वर्ष, सगळे व्यवस्थित. त्यांतील तीन पुस्तके कोणत्याही तालिकेत आढळली नाहीत, कारण ती कधी लिहिलीच गेली नव्हती. तिला रागावण्यात अर्थ नव्हता, तिने फसवण्यासाठी केले नव्हते. आम्ही त्या यादीचाच सराव केला. प्रत्येक गटाला आठ नोंदी देतो, काही खऱ्या, काही बनावट. आमच्या ओपॅकवर पाहा, विद्यापीठाच्या तालिकेवर पाहा, प्रबंध असेल तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहा आणि कोणते अस्तित्वात आहे ते सांगा. हा सराव मुले खेळासारखा घेतात. आमच्या तालिकेत नाही म्हणजे जगात नाही असे होत नाही, हेही त्यात कळते.

हडसनकाठी

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, शिक्षण पुण्यात झाले. इकडचा एक धडा इथे उपयोगी पडेल. १९९८ च्या सुमारास टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील ग्रंथालयाने नव्या विद्यार्थ्यांसाठी 'टिल्ट' नावाचा वेबवरचा स्वाध्याय तयार केला होता आणि इतरांनाही तो वापरू दिला होता. अशा स्वाध्यायांची पुढे लाट आली. मात्र अभ्यासक्रमातील एखाद्या कामाशी न जोडलेला स्वाध्याय मुले केवळ पुढची कळ दाबत संपवतात, हे मी माझ्या ग्रंथालयात वारंवार पाहिले आहे. आपल्या पैकीच्या पैकी गुणांच्या चाचणीची गोष्ट वाचताना तेच आठवले. इथल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेनेही २००० साली कौशल्यांची मोजून मापून मानके ठरवली होती. २०१६ मध्ये त्यांच्या जागी मोजक्या व्यापक संकल्पनांची चौकट स्वीकारली, आणि शोध म्हणजे प्रश्न विचारत जाणे ही त्यांतलीच एक. आपल्या फळ्यावरच्या अर्ध्या तासात नेमके तेच घडले आहे.

संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का हे ठरवण्यासाठी आम्ही आता लांबलचक तपासणीसूची देत नाही. मुलांना त्या पानावर थांबू न देता नवी खिडकी उघडायला लावतो आणि त्या स्थळाविषयी इतर काय म्हणतात ते आधी पाहायला सांगतो. व्यावसायिक सत्यपडताळणी करणारे असेच वागतात.

अर्थात आमच्याकडे या कामासाठी वेगळे ग्रंथपाल नेमलेले आहेत. आपण देवघेव, नॅक आणि नियतकालिकांची बिले सांभाळून हे करत आहात, त्यामुळे तुलना करण्याचा माझा हेतू नाही.

खाडीपलीकडे

आमच्याकडे ग्रंथालयात मुलांसाठी एकच संगणक आहे आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. प्रवेश नेमके त्याच दिवसांत होतात. त्यामुळे मी ओपॅकच्या निकालपानांची छापील चित्रे काढून ठेवली आहेत. चार जणांच्या गटाला असे एक पान द्यायचे, त्यावरील बोधांकाभोवती पेन्सिलीने गोल करायला लावायचे आणि पुस्तक आणायला पाठवायचे. वीज नसली तरी मांडण्या जागेवर असतात. दशांशाच्या घोळासाठी जुन्या कोऱ्या कार्डांवर वीस बोधांक लिहून ठेवले आहेत, पत्ते लावावेत तसे ते क्रमाने लावायचे. दहा मिनिटांत काम होते.

फोनवर शिकवण्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. एन-लिस्टचा प्रवेश संकेत विद्यार्थ्याच्या ईमेलवर जातो. आमच्या बहुतेक मुलांचे ईमेल खाते फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून पहिल्या तासाची पंधरा मिनिटे मी केवळ ईमेल उघडता येण्यावर खर्च करतो. हे ग्रंथालयकौशल्य नव्हे असे कोणी म्हणेल, पण त्याच्याशिवाय पुढचे दारच उघडत नाही.

सगळे ऑनलाइन

वेगळे मत मांडतो, राग नसावा. बोधांक, दशांश, मांडण्या हे सगळे शिकवण्यात आपण मुलांचा वेळ घालवत आहोत असे वाटते. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, एन-लिस्टवर लाखांनी ई-पुस्तके आहेत, सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना सुरू झाली असून तिच्यात तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके आहेत. रंगनाथन यांचाच चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो. मग घरबसल्या मिळणारे सोडून मुलांना मांडण्यांमधून का फिरवायचे?

कोयनाकाठ

@सगळे ऑनलाइन: राग कसला, हा प्रश्न माझ्या प्राचार्यांनीही विचारला होता. रोजगार हमीच्याच प्रश्नावर उत्तर देतो. इंग्रजीतून शोधले तर ऑनलाइन भरपूर मिळते, जुन्या इंग्रजी नियतकालिकांतील लेख मिळतात, शोधगंगेवर प्रबंध मिळतात. राज्याची आर्थिक पाहणीही संकेतस्थळावर असते. परंतु माझी बहुतांश मुले मराठी माध्यमातून आलेली आहेत, आणि एन-लिस्टवरील संग्रह मुख्यतः इंग्रजी आहे. सत्तरच्या दशकात मराठीत निघालेल्या पुस्तिका, जिल्ह्यांचे अहवाल, संघटनांची प्रकाशने ही आमच्या मांडणीवर आहेत आणि दुसरीकडे कुठेही मला सापडलेली नाहीत. ज्या दिवशी ती पडद्यावर येतील, त्या दिवशी मी दशांश शिकवणे थांबवीन. वाचकाचा वेळ वाचवायचा तर त्याला ३३०.९५४ कुठे आहे हे एकदा नीट दाखवलेले बरे.

बाकी सर्वांचे मनापासून आभार. शोधाची नोंद आणि बनावट यादी हे दोन्ही यंदा करणार आहे. मराठी शब्दांचा शोध मुलांनी फोनवर करायचा आणि इंग्रजी शब्दांचा संगणकावर, असे ठरवले आहे. कार्डांचे पत्तेही आजच लिहायला घेतले.

'दाखलखाते' यांनी सांगितलेली तारकेची युक्ती काल संध्याकाळी आमच्या ओपॅकवर करून पाहिली. 'शेतकऱ्यांचे' हा शब्द पूर्ण टाइप केला तेव्हा अकरा नोंदी आल्या होत्या. 'शेतक' आणि तारका दिल्यावर पडदा भरून वाहू लागला. त्यात एक पुस्तक असे निघाले, की ते आमच्याकडे नाही म्हणून मी स्वतः मागच्या वर्षी इतिहासाच्या मॅडमना सांगितले होते आणि त्यांनी ते साताऱ्याहून मागवून घेतले होते. आज सकाळी ते मांडणीवरून काढून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

@दाखलखाते: ही दोन लेखनरूपे सर्व नोंदींत एकदम एक करण्याची काही सोय असते का, की एकेक नोंद उघडून बदलावी लागते? आमच्याकडे मराठीच्या साधारण नऊ हजार नोंदी आहेत.

दाखलखाते

एकेक उघडू नका, जन्म जाईल. नोंदी मार्क या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येत असतील तर त्या फाइलमध्ये 'शोधा आणि बदला' करून परत भरता येतात. मात्र त्याआधी संपूर्ण प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि पहिल्यांदा पन्नासच नोंदींवर करून पाहा. परत भरताना जुन्या नोंदी बदलल्या जातात की त्यांच्या शेजारी दुसऱ्या तयार होतात, हे त्या पन्नासांत कळेल. माझ्याकडे दुसऱ्या तयार झाल्या होत्या. आज्ञावलीचे नाव आणि आवृत्ती इथे लिहा, म्हणजे पुढची पायरी सांगते.